हिवतापाचे औषध आणि तांबडे पान
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



कार्यवाहांच्या आज्ञेवरून मी आपल्यापुढे उभा आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. आयुष्यभर हाती खडू धरला, एवढाच माझा अधिकार. नवीन संशोधनावर बोलण्याचे धाडस करीत आहे ते विद्वान म्हणून नव्हे. वाचून जे समजले ते चारचौघांना सांगावे, ही शिक्षकाची जुनी खोड आहे म्हणून. शेवटी मंडळाकडे एक मागणीही करावयाची आहे.

हिवताप ठाऊक नाही असे घर आपल्यात क्वचितच असेल. हुडहुडी भरली की तीन-तीन गोधड्या अंगावर घातल्या तरी दात वाजणे थांबत नसे. आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणीतून कोयनेलचा कडूपणा अजून गेलेला नाही. हा रोग इतिहासजमा झाला असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांत आफ्रिकेतील लहान मुलांची संख्या फार मोठी आहे.

जुन्या औषधांना हिवतापाचे जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९६७ साली चीनमध्ये नव्या औषधाचा शोध सुरू झाला. त्यात यूयू तू या विदुषी होत्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने वैद्यकग्रंथ चाळले आणि शेकडो वनस्पतींचे अर्क तपासले. आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीच्या अर्काने एकदा गुण यावा, तर दुसऱ्यांदा येऊ नये! तेव्हा चौथ्या शतकातील गे हाँग या वैद्याच्या ग्रंथाकडे बाईंचे पुन्हा लक्ष गेले. त्याने ही वनस्पती उकळावयास सांगितली नव्हती, तर पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यावा, असे म्हटले होते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे बाईंनी ताडले आणि कमी उष्णतेवर उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. १९७१ च्या ऑक्टोबरात तो उंदरांवर पूर्णपणे गुणकारी ठरला. रोग्यांना देण्यापूर्वी, १९७२ साली, बाईंनी व सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे द्रव्य हाती आले, आणि २०१५ साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. चैत्रात आपण जोतिबाला वाहतो तो दवणा याच वनस्पतीच्या कुळातला. परंतु दवणा हे हिवतापाचे औषध नव्हे, म्हणून कोणी घरी काढे करीत बसू नये. दुसरी गोष्ट अशी की, जुन्या ग्रंथाने वाट दाखविली, पण खात्री पटविली ती प्रयोगाने. पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु त्यांचे म्हणणे पारखून घेणे हाच त्यांचा खरा सन्मान होय.

शोध लागला तरी सर्वांना पुरेल इतके औषध कोठून आणावयाचे? वाळलेल्या पानांत हे द्रव्य शेकडा एक भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी असते. अमेरिकेत बर्कले येथे जे कीसलिंग यांच्या गटाने २००६ साली यीस्टमध्ये असा पालट घडविला की, साखरेवर वाढणारे ते सूक्ष्मजीव या औषधाच्या अलीकडचे आम्ल तयार करू लागले. शेवटच्या पायरीवर त्यात प्राणवायू जोडावा लागतो, आणि ते काम प्रकाशाच्या साहाय्याने होते. मोठ्या पिंपात मात्र प्रकाश वरच्या थरापलीकडे पोचत नाही. येथे रसायनशास्त्राला यंत्रविद्येची जोड मिळाली. जर्मनीत पीटर सीबर्गर व फ्राँस्वा लेव्हेक यांनी २०१२ साली एक बारीक नळी दिव्याभोवती गुंडाळली आणि तीतून द्रव वाहता ठेवला. नळी बारीक असल्यामुळे द्रवाच्या थेंबाथेंबाला प्रकाश मिळाला. पुढे २०१८ साली त्यांच्या गटाने प्रकाश टिपण्याच्या कामी त्या वनस्पतीचेच हरितद्रव्य योजिले.

मग दिवा तरी कशाला हवा? सूर्यनारायण आहेच! हॉलंडमधील आइंडहोवेन येथे टिमोथी नोएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाच्या पानावरून कल्पना घेऊन प्लास्टिकचे एक तांबडे पान बनविले. त्यातील रंगद्रव्य ऊन शोषून घेते व त्याचा तांबडा प्रकाश करते. तो प्रकाश बव्हंशी पानातच कोंडला जाऊन आतील बारीक नलिकांतून वाहणाऱ्या द्रवापर्यंत पोचतो. ढग आला की द्रवाचा वेग आपोआप मंदावेल, अशी योजनाही त्यांनी केली. २०१९ साली अशाच उपकरणात त्यांनी उन्हाच्या बळावर आर्टेमिसिनिन तयार करून दाखविले. हे काम प्रयोगशाळेच्या मापाचे होते. तेवढ्यावरून उद्या गावोगाव औषध पिकेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दिशा दिसली, हे काय थोडे झाले?

१९६७ पासून २०१९ पर्यंत बावन्न वर्षे झाली. चार देश, अनेक शास्त्रे आणि नावे ठाऊक नसलेले कितीतरी साहाय्यक यांचे श्रम त्यात आहेत. संशोधन हे आंब्याचे झाड आहे. फळ येईपर्यंत कोणीतरी पाणी घालावेच लागते.

आता मागणी. आपल्या शिक्षणनिधीतून घेतलेले कर्ज पदवीनंतर एका वर्षात फेडू लागावे, असा आपला नियम आहे. काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळविलेल्या एका मुलीने, संशोधन पुरे होईपर्यंत परतफेड थांबवावी, असा अर्ज केला होता. "संशोधन करून पोट कधी भरणार?" असे समितीत विचारले गेले आणि अर्ज नामंजूर झाला. हा प्रश्न विचारणारा, बंधूंनो, मीच होतो. त्या मुलीने संशोधन सोडून नोकरी धरली आणि कर्जाची पै न् पै फेडली. निधीचा हिशेब चोख राहिला. माझा मात्र चुकला. मुलांना निबंधात "विज्ञान : वरदान" लिहावयास सांगणाऱ्या मास्तराला ते वरदान दारी आलेले ओळखता आले नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, जो विद्यार्थी वा विद्यार्थिनी मान्यवर संस्थेत संशोधन करीत असेल, त्याची परतफेड ते काम संपल्यावर सुरू व्हावी. निधीला यात खोट नाही. रक्कम उशिरा येईल इतकेच. पालकांनाही हात जोडून सांगणे आहे की, घरात प्रयोगाचा नाद असलेले मूल असेल, तर पगाराचा आकडा विचारण्याची घाई करू नका.

हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडण्याची अध्यक्षमहाराजांनी अनुज्ञा द्यावी.