हसायला भाषा लागत नाही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला प्रत्येकीने आपल्या आवडीच्या एका विषयावर चार शब्द बोलावेत असे ठरले. कुणी रांगोळी घेतली, कुणी आगोटीची बेगमी, कुणी भजने. मी 'इंग्रजांचे विनोदी चित्रपट' असे सांगितले, तेव्हा चिटणीसबाईंनी विषय वहीत लिहिण्यापूर्वी माझ्याकडे दोनदा पाहिले. ते साहजिक आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी म्हणाल तर दुकानावरची पाटी आणि औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता येते, तेवढेच. पण ह्या चित्रपटांची मला लहानपणापासून गोडी आहे, आणि भाषा येत नाही म्हणून माझे हसू कधी अडले नाही. ते का अडले नाही, हेच आज सांगायचे आहे.

सुरुवात चार्ली चॅप्लिनपासूनच केली पाहिजे. त्याने चित्रपट काढले ते बहुतेक अमेरिकेत. पण माणूस लंडनचा, जन्म 1889 सालचा. आईबाप दोघेही रंगभूमीवर गाणारे. बाप वेगळा राहू लागला आणि आई शिवणकाम करून दोन मुलांना वाढवू लागली. ते पुरेना, तेव्हा सातव्या वर्षी चार्लीला गरिबांसाठी असलेल्या आश्रमात राहावे लागले. पुढे आईच्या मनावरही परिणाम झाला. ही सारी हकीकत मी भा. द. खेर यांच्या 'हसरे दुःख' ह्या पुस्तकात वाचली. आपले जिल्हा नगर वाचनालय 1828 सालापासूनचे आहे. तिथून हे पुस्तक आणले आणि दुपारची निजानीज झाली की दहा-दहा पाने वाचत पुरे केले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

त्याचा 'द किड' नावाचा 1921 सालचा मूकपट आहे. भटक्या चार्लीला गल्लीत कचऱ्याजवळ एक टाकून दिलेले तान्हे मूल सापडते. तो ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू पाहतो; पण नेमका पोलीस समोर येतो, आणि मूल ह्याच्याच पदरी पडते. आता घरात बाई नाही, पैसा नाही. मग हा गडी काय करतो? छताला झोळी बांधतो. दोरीला किटली टांगून तिच्या चोचीतून बाळाला दूध पाजतो. जुन्या कापडाची दुपटी कापतो. खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून बाळाच्या शी-शूची सोय करतो! पुरुष हे पाहून हसतात ते त्याच्या वेंधळेपणाला. आपण बायका हसतो त्यात आणखी काहीतरी असते. टंचाईत संसार कसा रेटायचा ही आपली विद्या, आणि ती त्या भटक्याने आपल्यासारखीच करून दाखवलेली असते. पुढे अनाथाश्रमाची माणसे ते पोर ओढून न्यायला येतात आणि हा छपरांवरून धावत सुटतो, तेव्हा आत्तापर्यंत हसणारे डोळे भरून येतात. तिथे एक शब्द कानावर पडत नाही, आणि पडायची जरूरही वाटत नाही.

चार्लीसारखाच दुसरा इंग्रज म्हणजे स्टॅन लॉरेल. त्याचा जोडीदार ऑलिव्हर हार्डी हा मात्र अमेरिकन. पण आपल्या लोकांनी त्यांची नावे पाठ करण्याची खटपटच केली नाही. जो लठ्ठ तो जाड्या आणि जो सारखा रडवेला होतो तो रड्या! मराठीत ते 'जाड्या-रड्या' झाले. पाहुण्याला टोपणनाव मिळाले की तो घरचा झाला, असे समजावे.

आता घरचा झाल्याचे सगळ्यांत मोठे उदाहरण सांगते. 'मोरूची मावशी' पाहिली नाही अशी बाई ह्या सभागृहात विरळाच. पण ही मावशी मूळची विलायतेची, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. ब्रँडन थॉमस ह्या इंग्रजाने 'चार्लीज आँट' हे नाटक लिहिले. 1892 साली ते रंगभूमीवर आले आणि लंडनला त्याचे 1,466 प्रयोग ओळीने झाले. त्यावर पुढे चित्रपटही निघाले. आचार्य अत्रे यांनी आपल्याला स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास ते मराठीत आणले, आणि 1980 नंतरच्या काळात विजय चव्हाण यांनी लुगड्यातली ती मावशी अशी नाचवली की 2018 साली ते गेले तेव्हाही लोकांना आधी मावशीच आठवली.

मूळ कथा अशी: दोन विद्यार्थ्यांना दोन मुलींना जेवायला बोलवायचे असते. पण घरात कुणी वडीलधारी बाई असल्याशिवाय मुली येणार कशा? ब्राझील देशातून येणारी श्रीमंत मावशी वेळेवर पोचत नाही, म्हणून एका मित्राला बाईचे कपडे घालून बसवतात. मग तिच्या पैशावर डोळा ठेवून म्हातारे तिच्यामागे लागतात, आणि ऐन वेळी खरी मावशी दारात! भगिनींनो, ह्यातले आपल्याला परके असे काय आहे? मुलींनी एकटे जायचे नाही हा दंडक आपल्याला नवा नाही. पैसेवाल्या बाईचा एकाएकी पुळका येणारे गृहस्थही आपल्याला नवे नाहीत. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी ह्या सर्वांना एकच शब्द. अत्र्यांनी त्यातून मावशी निवडली, हे मला फार नेमके वाटते. आपल्याकडे नमनातल्या गवळणीतही पुरुषच लुगडे नेसून मावशी होऊन येतो. तेव्हा ती मावशी साता समुद्रापलीकडून आली खरी, पण आपल्या अंगणात तिच्यासाठी पाट आधीच मांडलेला होता.

मिस्टर बीनविषयी जास्त सांगायला नको. मूळ मालिका 1990 ते 1995 ह्या काळातली, काम रोवन अ‍ॅटकिन्सन यांचे. आपल्या मुलांनी ती पोगो वाहिनीवर पाहिली आणि पोळ्या लाटता लाटता आपणही पाहिली. त्यातला बागेतल्या बाकावर सँडविच करण्याचा प्रसंग माझा आवडता. पाव कापायचा कात्रीने, पाला धुऊन निथळायचा पायातल्या मोज्यात, बरणीतले जिवंत मासे बाकावर आपटून त्यांत भरायचे, आणि चहा करायचा शेकायच्या रबरी पिशवीत! आमच्या सासूबाई तो प्रसंग पाहून म्हणाल्या, "हा मेला मासे साफ तरी करील की नाही?" त्यांनी आयुष्यात इंग्रजीचे एक अक्षर वाचले नव्हते. पण त्या हसल्या आमच्या कॉलेजातल्या मुलीइतक्याच, आणि नेमक्या त्याच जागी.

आता थोडे गंभीर बोलते. मागे एका कचेरीत मी कामासाठी गेले होते. फॉर्म इंग्रजीत होता. "इथे काय लिहायचे हो?" असे मी विचारले, तर खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी शेजारच्याकडे पाहिले आणि दोघे हसले. मी फॉर्म घरी आणला, मुलीकडून समजून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. काम झाले. हसू मात्र मनात राहिले.

त्यानंतर मुलाने मला मोबाईलवर 'माइंड युवर लँग्वेज' ही 1977 सालची इंग्रजी मालिका लावून दिली. आपल्याकडे पंकज कपूर यांची 'जबान संभालके' होती, तिचे मूळ ते हेच. देशोदेशीची मोठी माणसे रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकायला येतात आणि गोंधळ घालतात. त्यात जमिला नावाची एक आपल्याकडची गृहिणी आहे. ती वर्गात बसून लोकर विणत असते आणि सुरुवातीला तिला इंग्रजी मुळीच येत नाही. ते काम करणाऱ्या जमिला मॅसी ह्या सिमल्याला जन्मलेल्या. प्रथम मी हसले. मग त्या खिडकीतले हसू आठवले आणि मी हसता हसता थांबले. पुढे कळले की परदेशी लोकांची ही टिंगल आहे असे वाहिनीच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याला वाटले, म्हणून 1979 साली ती बंद केली होती. मालिकेत गमतीच्या जागा आहेत आणि मास्तर मोठा सालस आहे. मी ती सगळी पाहिली. पण जमिलाच्या हातातले विणकाम किती सफाईचे आहे, हे त्या वर्गात कुणाच्या लक्षात येत नाही, एवढे मला जाणवले.

तेव्हापासून मी विनोदाला एक प्रश्न विचारते: हा कुणाला हसतो आहे? चार्ली पोलिसाला हसतो, शेठजीला हसतो, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला हसतो. मोरूची मावशी लोभी म्हाताऱ्यांना हसते. बीन स्वतःच्याच शहाणपणावर आपटतो. ज्याची बाजू दुबळी त्याला त्यांनी खाली पाडले नाही. म्हणून घरातल्या लेकीसुनांपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून ते पाहावेत असे आहेत. आपल्या हळदीकुंकवाच्या नाटुकल्यांत खेडेगावच्या सुनेच्या बोलण्याची नक्कल हमखास होते. टाळ्याही पडतात. पण त्या वेळी मागच्या रांगेत बसलेली एखादी नवी सून हसते की नुसते ओठ हलवते, हे आपण यापुढे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

शेवटी एक सूचना मांडते. येत्या कोजागिरीला आटीव दूध होईपर्यंत आपण सगळ्यांनी मिळून 'द किड' पाहावा. तासाभराचा आहे. पडद्याचे आणि यंत्राचे काम आपली मुले करतील. मध्ये पाट्या येतात त्या एखाद्या मुलीने मराठीत वाचून दाखवाव्या. त्या नाही वाचल्या तरी कुणाचे काही अडणार नाही. प्रत्येकीने आपल्या सासूबाईंना आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही बरोबर आणावे. हसायला शिक्षण किती झाले आहे असे तिथे कुणी विचारणार नाही.