पेल्यातला बर्फ आणि समुद्र

नोएडा समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचावर आहे. समुद्राची धास्ती दूरची, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत कुणीतरी हमखास म्हणतं, “पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी वर चढत नाही, मग समुद्र कसा चढेल?”

तरंगत्या बर्फापुरतं हे बरंचसं खरं आहे. उत्तर ध्रुवाजवळचा सागरी बर्फ वितळल्यानं पातळी फारशी बदलत नाही. पण ग्रीनलंड, अंटार्क्टिका, हिमालय इथला बर्फ जमिनीवर साठलेला. त्याचं पाणी समुद्रात नव्यानं भर घालतं. शिवाय तापलेलं पाणी प्रसरण पावतं. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि या वाढीचा वेगही वाढतो आहे.

मग जुलै २०२३ मध्ये यमुनेनं दिल्लीत २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली, नोएडाच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या सखल पट्ट्यातही पाणी शिरलं, ते बर्फामुळेच का? नाही, मुख्य कारण होतं अतिवृष्टी. एका पुरानं हवामानबदल सिद्ध होत नाही. नोएडातल्या एका कडाक्याच्या थंडीनं तो खोटाही ठरत नाही. निवाडा करायचा तो अनेक दशकांच्या नोंदींवरून. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्रपातळीच्या अशा नोंदी १८७८ पासून आहेत.