लहान प्रश्न, मोठा इतिहास



शाळामास्तर निवृत्त झाला तरी प्रश्न विचारण्याची त्याची खोड सुटत नाहीं. आमच्या राजूरांत, गणपतीच्या गांवीं, सायंकाळीं चार मुलें भोंवतीं जमलीं कीं मी त्यांना एखादें कोडें घालतों. त्यांतलीं तीन कोडीं आज आपल्यापुढें ठेवणार आहें. तिन्हीं अमेरिकेच्या इतिहासांतलीं आहेत. पण त्यांचे धागे आपल्या अंगणापर्यंत कसे येऊन पोंचतात, तें आपण पाहालच.

पहिला प्रश्न असा : १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं बोस्टनच्या बंदरांत चहाच्या किती पेट्या समुद्रांत फेंकल्या गेल्या? उत्तर, ३४२. पण त्या कां फेंकल्या, असें विचारलें कीं बहुतेक मुलें सांगतात, "चहा महाग झाला म्हणून." वर्गांत शिकवीत असतां मींहि कित्येक वर्षें या उत्तराला पूर्ण गुण दिले, हें आज लाजेनें कबूल करावें लागतें. वस्तुस्थिति अगदीं उलट होती. त्याच वर्षींच्या कायद्यानें चहा स्वस्त झाला होता! ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील वखारींत न खपलेल्या चहाचे ढीग पडले होते आणि कंपनी कर्जांत बुडाली होती. १७७० च्या भीषण दुष्काळांत तिच्या ताब्यांतला बंगाल उजाड झाला, हें त्या ओढाताणीचें एक कारण. तिला सांवरण्यासाठीं अमेरिकेंत थेट चहा विकण्याची मुभा देण्यांत आली. मात्र पौंडामागें तीन पेन्सांचा जुना कर तसाच राहिला. ज्या पार्लमेंटांत आपला एकहि प्रतिनिधि नाहीं, त्या पार्लमेंटनें बसविलेला कर स्वस्त चहाबरोबरहि घशाखालीं उतरवावयाचा नाहीं, हा त्या लोकांचा बाणा होता. पेट्यांचा आंकडा पाठ असला, तरी दाम आणि मान यांतील हा भेद ज्याला कळला नाहीं, त्याला अमेरिकेची क्रांति कळलीच नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं यॉर्कटाऊन येथें ज्याच्या सैन्यानें अमेरिकनांपुढें शस्त्रें खालीं ठेवलीं, त्या इंग्रज सेनापतीची कबर कोठें आहे? मुलें विलायतेचें नांव घेतात. ती आहे गंगाकांठच्या गाझीपुरास! हा लॉर्ड कॉर्नवॉलिस. पराभवानंतर पांचच वर्षांनीं, १७८६ सालीं, तो गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास आला आणि १७९३ पर्यंत राहिला. पुढें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आमच्याच जालना जिल्ह्यांतील असई गांवापाशीं आर्थर वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. जय मिळाला, पण मराठ्यांशीं चाललेल्या युद्धाचा खर्च कंपनीच्या चालकांना सोसेना. म्हणून १८०५ सालीं आर्थरचा वडील बंधु, जो त्या वेळीं गव्हर्नर-जनरल होता, त्याच्या जागीं याच वृद्ध कॉर्नवॉलिसला पुन्हा धाडण्यांत आलें. थोड्याच महिन्यांत, ५ ऑक्टोबरला, तो गाझीपुरास वारला. पश्चिमेकडे एक राज्य हातचें गेलें असतां पूर्वेकडे दुसरें कसें उभें राहत होतें, तें या एका कबरीपाशीं उभें राहून उमजतें.

तिसरा प्रश्न मुंबईकरांसाठीं. राजाबाई टॉवर कोणाच्या नांवाचा? विद्यापीठाला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींच्या. यांत अमेरिका कोठें आली, असें आपण म्हणाल. १८६१ सालीं तेथें यादवी युद्ध पेटलें आणि उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेच्या बंदरांची कोंडी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. तेव्हां आपल्या काळ्या मातींतल्या कापसाला सोन्याचें मोल आलें. मुंबईंत पैशाचा पूर लोटला आणि कापसाच्या व शेअरांच्या व्यापारांत प्रेमचंद कोट्यधीश झाले. एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण गेला, भाव कोसळले आणि मुंबईंत कंपन्या व पेढ्या धडाधड बुडाल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या राज्यघटनेंतून गुलामगिरीचें उच्चाटन झालें. लाखों माणसांच्या बेड्या तोडणारें वर्ष आपल्या व्यापाऱ्यांच्या वहींत मात्र बुडीत खातीं लिहिलें गेलें. एका बाजूची वही वाचून इतिहास कळत नाहीं, तो असा.

आपल्या घरींहि मुलें असे प्रश्न घेऊन येतील. उत्तर बरोबर आलें, तर अवश्य शाबासकी द्या. पण तेथेंच थांबूं नका. लगेच विचारा, "कां बरें?" साल आणि आंकडा ही दाराची कडी आहे, ती हातीं आली म्हणजे घर पाहिलें असें होत नाहीं.

बोस्टनच्या त्या चुकीच्या उत्तराला मीं दिलेले गुण आतां परत घेतां येत नाहींत. तीं मुलें मोठीं झालीं. कदाचित् आपल्या मुलांनाहि तींच गोष्ट सांगत असतील. त्यांपैकीं कोणी हें भाषण ऐकत असेल, तर त्यानें आज आपल्या गुरुजींची चूक दुरुस्त करून घ्यावी, एवढीच विनंति.