साडेतीन फुटांची नात



मे महिन्यात नातवंडं घरी आली की आजी-आजोबांची परीक्षा सुरू होते. माझी यंदाची परीक्षा पानशेतच्या वाटेवरच्या एका वॉटर पार्कमध्ये झाली. नात साडेचार वर्षांची, लेकीची लेक. तिला बालवाडीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, की तिथं घसरगुंडीवरून थेट पाण्यात पडता येतं. झालं! ‘नाना, कधी जायचं?’ हा जप सुरू झाला.

आमच्या लहानपणी मौज म्हणजे पेशवे पार्क. तिथली फुलराणी, १९५६ साली सुरू झालेली ती चिमुकली आगगाडी. वर्षातून एकदा वडील पुण्याला न्यायचे, एक फेरी मारायचे, की पुढचं वर्षभर शाळेत सांगायला पुरायचं. पाण्याची मौज मात्र आमच्या घरात नव्हती. एक कबुली देतो. मी पानशेतला जन्मलो, धरणाच्या पायथ्याशी वाढलो, आणि मला पोहता येत नाही.

याला कारण माझी अम्मा. १९६१ साली ती पंधरा वर्षांची होती, पुण्यात नदीकाठी राहत होती. पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं. जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरायचा प्रयत्न केला, पण १२ जुलैला ते फुटलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फुटलं आणि पाणी शहरात शिरलं. घरची माणसं वाचली, घर गेलं. पाणी ओसरल्यावर राहिलेल्या चिखलाचा वास अम्मा अजून सांगते. आणि नशीब बघा, पुढे तिचं लग्न झालं ते नेमकं धरण पुन्हा बांधायच्या कामावरच्या माणसाशी. १९७२ साली ते काम पुरं झालं. ज्या धरणानं घर नेलं, त्याच्याच खाली पत्र्याच्या खोलीत तिनं संसार मांडला. आम्हा भावंडांना पाण्याच्या काठावर पाहिलं, की ती हातातलं काम टाकून धावत यायची. मार आम्हाला बसायचा आणि रडायची ती.

ही भीती नातीच्या पदरात टाकायची नाही, असं ठरवून मी निघालो. बरोबर बायको, लेक आणि जावई.

तिकिटाच्या खिडकीपाशी भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली होती. तीन फुटांखालच्या मुलांना तिकीट नाही. आमची नात साडेतीन फुटांची. तिची नानी हळूच तिच्या कानात म्हणाली, ‘जरा गुडघे वाकव.’ पोरगी उलट टाचा उंचावून उभी राहिली. तिकीट घ्यावं लागलं. आत मोठ्या घसरगुंडीपाशी दुसरी पट्टी. तिथं चार फूट हवेत. तिथंही ती टाचा उंचावून उभी राहिली, पण तिथल्या मुलानं हसून मान हलवली. एकाच सकाळी पोरगी एका पट्टीला जास्त झाली आणि दुसरीला कमी पडली. भोकाड पसरलं. मला मनातून हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो.

सुती कपड्यांनी पाण्यात उतरायचं नाही, असा नियम. त्यामुळे भाड्याची नायलॉनची चड्डी घालून मी, म्हणजे चार काव्यसंग्रहांचा धनी, लहान मुलांच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. मशरूमच्या आकाराच्या छत्रीवरून पाणी पडत होतं. नात माझा हात धरून म्हणाली, ‘नाना, घाबरू नको.’ पंचावन्न वर्षांत पाण्यात मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

दुपारी लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला. सगळी गर्दी तिकडे धावली. आम्ही चौघं मोठी माणसं होतो आणि नात कुठं आहे, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. बायकोला वाटलं माझ्याजवळ आहे, मला वाटलं लेकीजवळ, लेकीला वाटलं नवऱ्याजवळ, आणि जावई वडापाव आणायला गेलेला. मी लाटांकडे पाहत होतो. तिथं शेकडो डोकी, सगळी ओली, सगळी काळी. नाव घेऊन हाक मारली, तर गाण्याच्या आवाजात मलाच ऐकू येईना. पाच मिनिटं झाली असतील. त्या पाच मिनिटांत अम्मा काठावर धावत का यायची, ते मला कळलं.

सापडली ती पाय धुवायच्या नळापाशी. खाली बसून चिखलाचं धरण बांधत होती. होय, धरणच.

तिथल्या जीवरक्षकानं मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो, कारण सुट्टीत तुम्हीही मुलांना घेऊन जाणार आहात. बुडणारं लहान मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. गुपचूप खाली जातं. त्याला खोल पाणी लागत नाही, टबभरही पुरतं. दंडावर फुगवायचे पट्टे आणि रंगीत ट्यूब ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडायचं नाही. मोठ्यांचं हातभर अंतर हाच उपाय. आणि माणसं जास्त असतील तर धोका जास्त, कारण जो तो दुसऱ्यावर विसंबतो. म्हणून पाळी लावायची. ज्याची पाळी, त्यानं फोनही पाहायचा नाही. आणखी एक, पाण्यात ऊन जाणवत नाही, तहानही कळत नाही. मुलांना मागितलं नाही तरी अधूनमधून प्यायला पाणी द्यायचं, आणि भर दुपारी सावलीत आणायचं. आमच्या नातीची पाठ रात्री लाल झाली होती, तेव्हा हे शहाणपण मला जरा उशिराच आलं.

संध्याकाळी घरी आलो. अम्मा उंबऱ्यात बसली होती. तिनं पणतीला जवळ घेतलं, केसांचा वास घेतला. क्लोरिनचा वास होता. ‘पाणी किती होतं?’ तिनं विचारलं. नातीनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. ‘आणि नानानं हात धरला होता ना?’

‘मीच नानाचा धरला होता,’ नात म्हणाली.

मी गप्प बसलो. ती पाच मिनिटं मी अम्माला अजून सांगितलेली नाहीत. आज सकाळपासून ती रेडिओ लावून बसली आहे.