ओटीत जमणारी रानभाजी

मृगाचा पाऊस पडून गेला की वणीच्या शिवारात निंदणीला आलेल्या बायांच्या ओटीत भाजी जमू लागते. टाकळा, कुर्डू, तांदुळजा, घोळ: पिकाला जे तण, तेच संध्याकाळी कोरड्यासाला. टाकळा मात्र कोवळाच खुडायचा. वाढला की निबर आणि कडवट होतो.

पश्चिमेला सुरगाणा, पेठच्या रानात पहिल्या सरींनंतर शेवळं वर येतात. सुरणाच्या कुळातली ही भाजी नुसती शिजवली तर घसा खवखवतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून जाणत्या बाया तिच्यात चिंच किंवा काकडाची आंबट फळं घालतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या पारखीला मान द्यायलाच हवा.

दुसरी रानभाजी कर्टुल्याची. तिचे नर-मादी वेल वेगळे. फळ मादीलाच लागतं, पण जवळ नर वेल नसेल तर तेही धरत नाही. जमिनीतला कंद राखला, तर पुढच्या पावसाळ्यात वेल पुन्हा फुटतो.

वणीकडच्या द्राक्षबागांच्या पट्ट्यात मात्र भाजी खुडताना एक खबरदारी हवीच. तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी कितीही हिरवीगार दिसली तरी खुडू नये. फवारणी कधी झाली, ते आधी बागाइतदाराला विचारावं. आणि पानाची ओळख पटत नसेल, तर ते गावातल्या जाणत्या बाईला दाखवूनच चुलीवर चढवावं.