आधी १९३० लावा, मग रडा

तुमच्या बचत गटांच्या समन्वयक म्हणून आम्ही आज पुन्हा आपल्या रेडिओवर आलो आहोत. कांद्याची लागण चालू आहे, द्राक्षबागेतली कामं संपत नाहीत, हे माहीत आहे. तरी हातातलं काम करता करता थोडा वेळ कान इकडे द्या. आज बोलायचंय आपल्या मोबाईलबद्दल.

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या एका गटातली ही गोष्ट. ज्यांच्यावर वेळ आली त्या ताईंनीच सांगितलं, "माझं नाव घेऊ नका, पण सगळ्यांना सांगा."

ताई गटाच्या सचिव. एका दुपारी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, तोही ओळखीच्या भाऊंच्या नंबरवरून. "तुमच्या गाडीवर दंड झाला आहे, चलन पाहा." खाली एक फाईल. घरातली मोटारसायकल घेऊन दादा नाशिकला गेलेले. ताईंना काळजी वाटली, त्यांनी फाईल उघडली. मोबाईलने दोन-तीनदा काही विचारलं, ताईंनी "हो, हो" दाबलं. चलन काही दिसलं नाही. ताई गोठ्यात गेल्या. संध्याकाळी पाहतात तर खात्यातून दोनदा मिळून एकोणीस हजार गेलेले. त्यातले बारा हजार गटाच्या कर्जाच्या हप्त्याचे होते, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचे.

ताई तीन दिवस कोणाला बोलल्या नाहीत. घरचे काय म्हणतील? बाया म्हणतील, पैसे हिनेच खाल्ले. शेवटी बैठकीत रडू फुटलं तेव्हा कळलं. तिथूनच आम्ही १९३० ला फोन लावला, तक्रार नोंदली. पण तोवर पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत फिरून काढून झाले होते.

आता हे घडलं कसं, ते समजून घ्या. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी "एपीके" अशी इंग्रजी तीन अक्षरं होती. हा फोटोही नाही आणि कागदही नाही. हे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं अ‍ॅप आहे. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. आपण "हो" म्हटलं की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. वर ते आपल्याच नंबरवरून आपल्या गटांना तीच फाईल पाठवतं. म्हणून ओळखीच्या नंबरवरून आली तरी विश्वास ठेवायचा नाही. भाऊंचाही मोबाईल असाच फसला होता. नाव रोज बदलतं. कधी चलन, कधी लग्नपत्रिका, कधी बँकेची केवायसी, कधी सरकारी योजनेची यादी. शेवटची तीन अक्षरं मात्र तीच.

चुकून उघडलीच, तर काय करायचं? आधी त्या मोबाईलचं इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या मोबाईलवरून १९३० लावा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती पैसे, किती वाजता आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक तयार ठेवा. पैसे वाटेत असतील तर थांबवता येतात, म्हणून पहिला तास फार मोलाचा. लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे : बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, त्याचं नुकसान बँकेचं. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्या पदरचा.

दुसरी गोष्ट पिनची. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. "पैसे पाठवलेत, पिन टाका" असं कोणी म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. आणि मैत्रिणींनो, पासबुकावर, मोबाईलच्या कव्हरमागे पिन लिहून ठेवणं आजपासून बंद.

तिसरी अंगठ्याची. गावात मशीनवर अंगठा लावून पैसे काढता, तेव्हा "लिंक गेली, परत लावा" असं म्हटलं तर आधी पावती किंवा मेसेज बघा. पहिल्या अंगठ्याला पैसे गेले नाहीत याची खात्री झाली तरच दुसऱ्यांदा लावा. अंगठ्याने पैसे काढत नसाल, तर आधारचा अंगठा कुलूपबंद करता येतो. हवा तेव्हा उघडताही येतो. आधारच्या अ‍ॅपवर ते होतं. जमत नसेल तर १९४७ वर विचारा.

आता मनातलं बोलतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली तेव्हा किती जणींचा ओटीपी मुलाच्या, दिराच्या मोबाईलवर गेला, ते आम्ही पाहिलंय. दीड हजार आपल्या नावाचे, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. आधारला स्वतःचा नंबर जोडा. आधार केंद्रात जा, अंगठा द्या, कागदपत्र लागत नाही. शुल्काची पावती घ्या.

त्या ताईंचं पुढे काय झालं? गटाने बैठक घेतली. कोणी टोमणा मारला नाही. बारा हजार फेडायला त्यांना दहा महिने दिले. गटाचा पैसा कोणाच्या खात्यात न ठेवता त्याच दिवशी गटाच्या खात्यात भरायचा, असा ठराव झाला. चूक आमचीही होती. आम्ही सगळ्यांना मोबाईलवर हिशेब शिकवला, हे शिकवायचं राहिलं. आज त्याच ताई प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला विचारतात, "कोणाला काही फाईल आली का?"

तुमच्याही पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये १९३० नंबर जतन करा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना शेजारणीने करून द्यावा. आणि कोणी फसली तर "एवढं कसं कळलं नाही?" असं विचारू नका. आधी फोन लावून द्या, रडायला नंतर वेळ आहे.

येतो आम्ही. नमस्कार.