प्रवेशाचा अदमास

विश्रामबाग म्हणजे सांगलीची विद्यानगरीच. १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन कॉलेज येथेंच आहे, आणि १९४७ सालीं निघालेलें अभियांत्रिकी कॉलेज पुढें वालचंद कॉलेज म्हणून नांवारूपास आलें तेंहि येथेंच. येथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कित्येक मुलामुलींचें लक्ष आज व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणाकडे लागलेलें असतें. ‘कॅट’ परीक्षेचा निकाल लागला, कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : एवढ्या पर्सेंटाइलवर चांगल्या संस्थेंत प्रवेश मिळेल काय? हातची नोकरी ठेवावी कीं सोडावी, हें त्या उत्तरावर ठरावयाचें असतें.

उत्तर शोधण्याची रीत ठरलेली आहे. मागील वर्षीच्या उमेदवारांनीं आपण होऊन सांगितलेले गुण आणि निकाल जमवावयाचे, आणि आपल्यासारख्यांपैकीं किती निवडले गेले तें मोजावयाचें. हिशेब सरळ दिसतो. परंतु त्यांत एक मेख आहे. यश सांगावयास माणूस आतुर असतो. अपयश तो गिळून बसतो.

समजा, सारख्याच गुणांच्या १०० उमेदवारांनीं एका संस्थेकडे अर्ज केले व त्यांतील २० निवडले गेले. निवडलेल्यांपैकीं १५ जणांनीं आपली हकीकत सांगितली. नाकारलेल्या ८० पैकीं मात्र दहांनींच. हातीं आलेल्या २५ हकीकतींत १५ यशाच्या! ऐकणारा म्हणतो, संधि शेंकडा ६० आहे. वास्तविक ती शेंकडा २० आहे. येथें कोणीहि खोटें बोललेलें नाहीं. तरी अदमास तिप्पट चुकला.

माहितीचा ढीग मोठा असला म्हणजे हा दोष जातो, असेंहि नाहीं. १९३६ सालीं अमेरिकेंतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानें सुमारें एक कोटि लोकांकडे मतपत्रिका धाडल्या. परत आलेल्या सुमारें २४ लाख पत्रिकांवरून त्यानें लँडन यांच्या विजयाचें भाकीत केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ राज्यें जिंकलीं. पत्रिका कोणाकडे गेल्या आणि कोणी परत पाठविल्या, यांतच चूक होती.

म्हणून जेथें पुरी माहिती मिळते तेथें ऐकीव हिशेब करूं नये. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्यांनंतर कोणत्या संस्थेंत कितव्या गुणांपर्यंत जागा मिळाली, तें प्रसिद्ध होतें. भारतीय व्यवस्थापन संस्थांची गोष्ट निराळी. २०२३ च्या ‘कॅट’ला सुमारें २ लाख ८८ हजार विद्यार्थी बसले, तेव्हां ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याहि पुढें सुमारें २,८८० जण होते. शिवाय मुलाखत, पूर्वीचे गुण आणि कामाचा अनुभव यांचाहि विचार होतो. मुलाखतींत काय विचारतात, हें जाणण्यास इतरांच्या हकीकती उपयोगी पडतात; संधि मोजण्यास त्या अपुऱ्या आहेत.

पांच ठिकाणीं अर्ज केले म्हणजे संधि पांचपट झाली, हाहि भ्रमच. कारण सर्वत्र गुण तेच आणि उमेदवारहि तोच.

तेव्हां हकीकती गोळा करणाऱ्या घरानें प्रथम विचारावें : न बोललेले किती? आणि शेंकडा ६० च्या भरंवशावर मुलाला नोकरी सोडावयास सांगण्यापूर्वी, संधि शेंकडा २० असती तरी हाच सल्ला दिला असता काय, हें स्वस्थपणें बसून ठरवावें.